पुस्तक गावापर्यंत नेणारा राजा : सयाजीराव गायकवाड आणि वाचनालयांची चळवळ

दरवर्षी ११ मार्चला महाराजा सयाजीराव गायकवाड यांची जयंती येते. त्या दिवशी आपल्या समाजात त्यांचे स्मरण होते ते मुख्यतः एका गोष्टीसाठी. बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवणारे, शिष्यवृत्ती देणारे राजे म्हणून. हे स्मरण योग्यच आहे. पण आम्हाला वाटते, सयाजीरावांचे एक मोठे काम या एका आठवणीच्या सावलीत झाकले गेले आहे. ते काम म्हणजे सार्वजनिक वाचनालयांची चळवळ. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा या देशातल्या बहुतेक गावांत छापील पुस्तक कुणी पाहिलेही नव्हते, तेव्हा या माणसाने आपल्या राज्यातल्या खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचवण्याची व्यवस्था उभी केली. आज आपल्या विहारांत आणि वस्त्यांत वाचनालये, अभ्यासिका काढण्याची धडपड चालू आहे. अशा वेळी सयाजीरावांचे चरित्र या बाजूने वाचणे गरजेचे आहे.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ चा. गाव कवळाणे, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले. मूळ नाव गोपाळ. वडील काशीराव गायकवाड शेती करत. घराणे गायकवाडांच्या दूरच्या शाखेचे असले तरी घरात राजेपणाचा मागमूस नव्हता. गोपाळ बारा वर्षांचा झाला तरी त्याला अक्षरओळख नव्हती. गावातल्या इतर पोरांसारखा तोही रानात, शेतात वाढत होता.

१८७५ साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी गादीवरून काढले. आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. त्यासाठी गायकवाड घराण्यातली मुले बोलावण्यात आली आणि त्यांतून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

आम्हाला या कथेतला महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. बारा वर्षांच्या या मुलाने पाटीवर पहिली अक्षरे काढली ती राजवाड्यात. एफ. ए. एच. इलियट हे त्याचे इंग्रज शिक्षक. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्याला शिकायच्या होत्या आणि त्याबरोबर राज्यकारभारही. इतर मुले ज्या वयात बरेच शिकून झालेली असतात, त्या वयात त्याने सुरुवात केली आणि काही वर्षांत सगळे भरून काढले. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्याच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत वेगळी कळते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. आपल्या कितीतरी घरांत आजोबांनी प्रौढ वयात रात्रीच्या शाळेत सही शिकली आणि नातवंडे पदवीधर झाली. सयाजीरावांना राजवाडा मिळाला, आपल्या आजोबांना मिळाला नाही, हा फरक मोठा आहे. तरीही निरक्षरता म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. निरक्षर माणूस जन्मतःच मंद असतो असे त्यांना कुणी पटवू शकत नव्हते, कारण ते स्वतः काही वर्षांपूर्वी तसेच होते.

आधी शाळा

हाती सत्ता येताच सयाजीरावांनी अस्पृश्य आणि आदिवासी मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा उघडायला सुरुवात केली. शाळा उघडणे सोपे होते, शिक्षक मिळणे अवघड होते. सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांत शिकवायला तयार होईनात. तेव्हा मुस्लिम शिक्षक नेमले गेले. पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे या शाळांची देखरेख सोपवण्यात आली. मुलांसाठी वसतिगृहे निघाली, पुस्तके आणि पाट्या सरकारातून मिळू लागल्या.

याच काळात महात्मा जोतीराव फुले आणि सयाजीराव यांची भेट झाली. जोतीराव तेव्हा 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. या पुस्तकाचा काही भाग त्यांनी सयाजीरावांना वाचून दाखवला आणि पुस्तकाच्या उपोद्घातात त्याचा उल्लेखही केला. वीस वर्षांचा राजा शेतकऱ्यांच्या लुबाडणुकीवरचे, सरकारी नोकरशाहीवरचे आणि भटशाहीवरचे हे कडक लिखाण बसून ऐकतो आणि लेखकाला मदत करतो, ही गोष्ट साधी नाही. मोठेमोठे शिकलेले लोक तेव्हा जोतीरावांना टाळत होते.

१८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. तो यशस्वी होतो आहे हे पाहून १९०६ साली हा कायदा संपूर्ण बडोदा राज्याला लागू झाला. मुलांसाठी आणि मुलींसाठीही. ब्रिटिश हिंदुस्थानात तोवर असा कायदा नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते विधेयक मंजूर झाले नाही.

मग पुस्तके

शाळा झाल्या, पण लवकरच एक अडचण समोर आली. मूल चार-पाच वर्षे शाळेत येई, वाचायला शिके आणि शाळा सोडून शेतावर जाई. गावात वाचायला काहीच नसे. दोन-तीन वर्षांत ते अक्षर विसरून जाई. म्हणजे शाळेवर केलेला सगळा खर्च पाण्यात. सयाजीरावांनी हे ओळखले. शाळा सुटल्यावर माणसाच्या हातात पुस्तक राहिले नाही, तर शिक्षण टिकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातून वाचनालयांची योजना निघाली.

त्याआधी लोकांमधूनही या कामाला सुरुवात झालेली होती. मोतीभाई अमीन नावाच्या एका शिक्षकाने १९०६ च्या सुमारास मित्रमंडळ नावाने गावोगावी छोटी वाचनालये काढायला सुरुवात केली होती. गुजरातमधल्या ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून आजही त्यांचे नाव घेतले जाते. सयाजीरावांनी या कामाला बळ दिले आणि पुढे मोतीभाईंनाच सरकारी कामात सामील करून घेतले.

१९०६ साली सयाजीराव अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. मोठ्या शहरातले भव्य ग्रंथालय तर होतेच, पण त्यांच्या डोळ्यांत भरली ती लहान गावातली वाचनालये, जिथे कामगार, बायका, मुले कुणीही पैसे न देता आत जाऊन पुस्तक उघडू शकत होते. आपल्या राज्यात हे करायचे असे त्यांनी ठरवले. १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. बोर्डन सुमारे अडीच वर्षे बडोद्यात राहिला आणि त्या काळात त्याने राज्याच्या ग्रंथालय खात्याचा पाया घातला.

सयाजीरावांनी राजवाड्यातला आपला खाजगी पुस्तकसंग्रह, सुमारे वीस हजार पुस्तके, या कामासाठी देऊन टाकला. त्यातून बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. ते आजही बडोद्यात मांडवी भागात उभे आहे. राजाची पुस्तके लोकांची झाली. पुस्तके कपाटात सजवून ठेवणाऱ्या संस्थानिकांच्या काळात ही मोठी गोष्ट होती.

पण खरे काम शहराबाहेरचे होते. त्यासाठी जी व्यवस्था लावली गेली ती आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती आजही उपयोगी पडण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, खर्चाची वाटणी. गावाला वाचनालय हवे असेल तर गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम जमवायची. तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच राज्य सरकारने. गावाने १०० रुपये जमवले तर वाचनालयाच्या हाती ३०० रुपये येत. सरकारने सगळे फुकट दिले असते, तर गावाला ते आपले वाटले नसते. सगळे गावावर सोडले असते, तर गरीब गावात वाचनालय कधीच झाले नसते. एक तृतीयांशाच्या या हिशेबामुळे वाचनालय लोकांचेही राहिले आणि ते चालवण्याची जबाबदारी सरकारलाही टाळता आली नाही.

दुसरी गोष्ट, फिरती वाचनालये. ज्या गावात वाचनालय नव्हते, तिथे लाकडी पेटीत पुस्तके भरून पाठवली जात. पेटी गावातल्या शिक्षकाकडे किंवा एखाद्या जबाबदार माणसाकडे राही. काही महिन्यांनी ती परत येई आणि दुसरी पुस्तके जात. वाहतुकीचा खर्च सरकारचा. वाचकाला एक पैसा द्यावा लागत नसे.

तिसरी गोष्ट, निरक्षरांचा विचार. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचनालयाचा काय उपयोग, असे कुणीही म्हटले असते. बडोद्याच्या ग्रंथालय खात्याने चित्रे, मॅजिक लँटर्न आणि पुढे सिनेमाच्या फिती यांची वेगळी शाखा काढली. गावात संध्याकाळी पडदा लागे आणि आरोग्य, शेती, देशोदेशीची माहिती दाखवली जाई. त्याला तिकीट नसे.

चौथी गोष्ट, बायका आणि मुले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि मुलांसाठी वेगळे दालन. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळ आणि चित्रेही होती. मुलाला आधी तिथे यावेसे वाटले पाहिजे, वाचन त्यानंतर आपोआप येईल, असा त्यामागचा विचार होता.

पाचवी गोष्ट, माणसे तयार करणे. १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. असा वर्ग हिंदुस्थानात पहिलाच होता. १९१२ पासून ग्रंथालयांविषयीचे एक नियतकालिक निघू लागले, त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर असे. बोर्डननंतर पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे खाते सांभाळले. दत्त हे आधी सयाजीरावांना पुस्तके वाचून दाखवण्यासाठी नेमलेले वाचक होते. वाचून दाखवण्यासाठी माणूस ठेवणारा राजा ऐषारामी म्हणता येईल, पण सयाजीराव प्रवासात, आजारपणात, रात्री झोपण्यापूर्वी ऐकत ते इतिहास, तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्राचे ग्रंथ.

एका पुस्तकाचा प्रवास

वाचनालय काढले तरी आत ठेवायला लोकांच्या भाषेतली पुस्तके हवीत. मराठी आणि गुजरातीत तेव्हा ज्ञानाची पुस्तके फार थोडी होती. म्हणून सयाजीरावांनी ग्रंथमाला काढल्या, लेखकांना आणि भाषांतरकारांना पैसे दिले. त्या पुस्तकांतल्या एका पुस्तकाची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आयुष्याशी जोडलेली आहे.

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. त्यांनी १८९८ मध्ये मराठीत गौतम बुद्धांचे चरित्र प्रसिद्ध केले. हे चरित्र सयाजीरावांच्या नावाने निघणाऱ्या बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते, असे बाबासाहेबांनी स्वतः 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. केळुसकर गुरुजी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच एक मुलगा रोज एकटा बसून वाचताना त्यांना दिसला. तो मुलगा म्हणजे भीमराव. गुरुजींनी विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. परीक्षा पास झाल्याबद्दल भीमरावांचा सत्कार झाला, तेव्हा गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाने आपल्या मनावर खोल परिणाम केला, असे बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत सांगितले आहे.

म्हणजे सयाजीराव बाबासाहेबांना भेटले ते शिष्यवृत्तीच्या आधी, एका पुस्तकाच्या रूपाने. बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले पुस्तक मुंबईच्या परळच्या चाळीत राहणाऱ्या महार मुलाच्या हातात पडले. कुणी ते योजले नव्हते. पुस्तके छापून सोडून दिली की ती कुणाच्या हाती पडतील हे सांगता येत नाही, पण छापलीच नसती तर कुणाच्याच हाती पडली नसती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे एक सुरुवातीचे पाऊल आहे, असे आम्ही मानतो.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. केळुसकर गुरुजींनीच भीमरावांना सयाजीरावांकडे नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झाले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर १९१३ साली महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले. ४ जून १९१३ रोजी करार झाला. न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शेकडो पुस्तके जमवली.

बुद्धधम्माच्या मराठी साहित्यालाही बडोद्याचा हात लागला. धर्मानंद कोसंबी यांची गोष्ट पाहा. गोव्यात असताना 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धांचे छोटे चरित्र वाचले आणि बुद्धधम्म शिकण्यासाठी ते घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत फिरले. सयाजीरावांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचे. कलकत्त्यात त्यांना याहून खूप जास्त पगार मिळत होता. तो सोडून कोसंबी महाराष्ट्रात आले. पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी चिंतामण वैजनाथ राजवाडे बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले आणि त्यांनी केलेले दीघनिकायाचे मराठी भाषांतर बडोद्याच्याच ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. आज आपण मराठीत त्रिपिटक वाचू शकतो, त्या कामाची सुरुवात करणाऱ्यांत हे लोक आहेत. बडोद्याच्या ज्युबिली बागेत सयाजीरावांनी बसवलेली बुद्धमूर्तीही आहे.

जिथे पुस्तक थांबले

आता कडू भाग. तो वगळून सयाजीरावांचे चरित्र सांगितले तर ते पोवाडा होईल.

१९१७ साली बाबासाहेब करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. येताना त्यांच्या पुस्तकांचे सामान ज्या बोटीत होते, ती महायुद्धात बुडाली. त्याची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागवावा लागला. महाराजांनी त्यांना मोठ्या पदासाठी तयार करायचे ठरवले होते. पण बडोदा शहरात कोलंबियाच्या या पदवीधराला राहायला एक खोली मिळाली नाही. हिंदू खानावळी बंद. शेवटी एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहावे लागले. कचेरीत शिपाई कागद दुरून फेकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगून गेले. हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांकडे आसरा मिळाला नाही. बाबासाहेब कमाठी बागेत एका झाडाखाली काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे.

हे ज्या शहरात घडले, त्याच शहरात मध्यवर्ती ग्रंथालय होते. सक्तीचे शिक्षण लागू होऊन अकरा वर्षे झाली होती. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या. बाबासाहेबांना हाकलणाऱ्यांत शिकलेले लोक होते. त्यांना वाचता येत होते. कचेरीतल्या कारकुनांनाही येत होते.

आम्हाला यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, वाचता येण्याने जात जात नाही. माणूस हजार पुस्तके वाचूनही शेजाऱ्याला पाणी नाकारू शकतो. दुसरी, राजाची इच्छा कितीही चांगली असली, तरी वरून आलेली सुधारणा खालच्या माणसाच्या मनात उतरतेच असे नाही. सयाजीरावांनी हुकूम काढले, कायदे केले, १९१८ च्या मार्चमध्ये महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपदही स्वीकारले. तरीही त्यांच्या राजधानीत त्यांच्याच अधिकाऱ्याला छप्पर मिळाले नाही. याचा दोष एकट्या राजावर टाकणे बरोबर नाही, पण राज्य त्यांचे होते हेही विसरता येत नाही.

बाबासाहेबांनी यातून घेतलेला धडा त्यांच्या पुढच्या कामात दिसतो. त्यांनी पुस्तकावरचा विश्वास सोडला नाही, उलट वाढवला. पण वाचनाची जागा आपल्या लोकांच्या हातात असली पाहिजे, हे त्यांनी पाहिले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने सोलापुरात वसतिगृह काढले आणि मुंबईत मोफत वाचनालय सुरू केले. दादरचे राजगृह तर पुस्तकांसाठीच बांधलेले घर. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटी, मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि त्यांची ग्रंथालये उभी राहिली. सयाजीरावांनी राजवाड्यातली पुस्तके लोकांना दिली. बाबासाहेबांनी ज्यांना पुस्तकाला हात लावू दिला जात नव्हता, त्यांनाच पुस्तकांचे मालक केले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते. कवळाण्याचा निरक्षर गोपाळ गेला, तेव्हा त्याच्या राज्यात वाचनालय ही गावाची नेहमीची गोष्ट झालेली होती.

आपण काय करायचे

आपला समाज पुस्तके विकत घेणारा समाज आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर जी गर्दी असते, ती दुसऱ्या कुठल्या मेळ्यात दिसत नाही. दिवसभर उपाशी राहून आलेली बाई परत जाताना पिशवीत एखादे पुस्तक घेऊन जाते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ते पुस्तक घरी गेल्यावर वाचले जाते का, वाचून झाल्यावर दुसऱ्याकडे जाते का? अनेक विहारांत पुस्तकांचे कपाट आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला आठवत नाही. अभ्यासिका भरलेल्या असतात, पण तिथे स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शिकांपलीकडे काही नसते. नोकरीसाठी वाचायलाच हवे, त्याला आमचा विरोध नाही. पण नोकरी लागल्यावर वाचन सुटले, तर बडोद्याच्या शेतावर परतलेल्या मुलासारखीच आपलीही गत होईल.

बडोद्याच्या अनुभवातून काही गोष्टी आपल्याला लगेच करता येतील.

शेजारच्या चार-पाच विहारांनी मिळून एक फिरती पेटी सुरू करावी. वीस-पंचवीस पुस्तके, दर महिन्याला दुसऱ्या विहारात. एकाच विहाराने सगळी पुस्तके विकत घेण्याची गरज नाही.

खर्चाची तिहेरी वाटणी करावी. एक हिस्सा वस्तीने द्यावा, दुसरा नोकरदार मंडळींनी आणि तिसऱ्यासाठी सरकारकडे जावे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. नोंदणी आणि कागदपत्रांचा त्रास आहे, पण तो आपला हक्क आहे.

वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. ही आपली स्वतःची वाचन चळवळ आहे. तिथे वाचणारा एकच आणि ऐकणारे सगळे असे न ठेवता रोज वेगळ्या व्यक्तीला वाचायला द्यावे, त्यातही बायकांना आणि शाळकरी मुलांना. अडखळत वाचले तरी चालेल. वाचन झाल्यावर दहा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत. ज्या वृद्धांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हेच वाचनालय आहे.

मुलांसाठी आठवड्यातून एक तास वेगळा ठेवावा. त्यात परीक्षा, भाषणस्पर्धा, पाठांतर नको. गोष्टी, चित्रे, विज्ञानाची पुस्तके हवीत.

सुरुवातीच्या पेटीत कोणती पुस्तके ठेवावीत, असे कुणी विचारले तर आम्ही ही नावे सांगू. केळुसकरांचे गौतम बुद्धांचे चरित्र, म्हणजे ज्या पुस्तकाने सुरुवात झाली ते. धर्मानंद कोसंबींचे 'भगवान बुद्ध' आणि त्यांचे आत्मकथन 'निवेदन'. बाबासाहेबांचे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन'. तरुणांसाठी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चे मराठी भाषांतर, ते लहान आहे आणि एका बैठकीत वाचून होते. जोतीरावांचे 'शेतकऱ्याचा असूड' आणि 'गुलामगिरी'. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना'. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली लिहिलेला निबंध तर मुलींच्या हाती पहिल्याच दिवशी द्यावा. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', दया पवार यांचे 'बलुतं' आणि अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. ही यादी पूर्ण नाही. प्रत्येक वस्तीने आपली यादी करावी आणि त्यात न पटणारी पुस्तकेही ठेवावीत. तपासून पाहिल्याशिवाय काही स्वीकारू नये, ही तथागतांची शिकवण पुस्तकांनाही लागू आहे.

येत्या ११ मार्चला सयाजीरावांच्या प्रतिमेला हार घालाच. पण त्या दिवशी विहारातल्या कपाटाची किल्लीही शोधून काढा, कुलूप उघडा आणि पहिले पुस्तक वस्तीतल्या एखाद्या मुलीच्या नावावर नोंदवून तिच्या हातात द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!